दर वेळी वेगळ्या फाइलवर कोसळणारा कम्पायलर

कम्पायलरने, म्हणजे लिहिलेल्या सोर्स फाइलीतून चालणारा प्रोग्रॅम तयार करणाऱ्या साधनाने, दाखवलेली चूक अशी होती: ‘सिझु’ नावाचं काही या स्कोपमध्ये जाहीर केलेलं नाही, तुम्हाला ‘साइझ’ म्हणायचं होतं का? इंग्रजी स्पेलिंगमधलं शेवटचं अक्षर ई, त्याच्या जागी यू. मी ती फाइल उघडून सांगितलेल्या ओळीवर गेलो. तिथे एस, आय, झेड, ई असं व्यवस्थित लिहिलेलं होतं. फाइल मी लिहिलेली नव्हती, तिला हातही लावलेला नव्हता. एलएलव्हीएम या कम्पायलर बनवण्याच्या मोठ्या प्रकल्पाच्या हजारो सोर्स फाइलींपैकी ती एक. निन्जा, म्हणजे या सगळ्या फाइली कम्पायल करवून घेणारं साधन, पुन्हा चालवलं तर तीच फाइल मुकाट्याने कम्पायल झाली, आणि पुढच्या चाळीसेक फाइली पार पडल्यावर भलत्याच फाइलवर कम्पायलर स्वतःच कोसळला.

या प्रकरणाचा तो सहावा दिवस होता. दिशा त्या दिवशी मिळाली. आधीचे पाच दिवस कुठे गेले तेही सांगतो, कारण जुन्या संगणकावर कम्पायलर पडायला लागला की बहुतेक जण त्याच वाटांनी जातात.

यंत्र आणि पहिला आजार

संगणक २००७ च्या पिढीचा: कोअर २ ड्युओ ई६५५० प्रोसेसर, २.३३ गिगाहर्ट्झ, इंटेलचा जी३३ चिपसेट, डीडीआर२ रॅमचे चार स्लॉट. त्यातल्या दोन स्लॉटमध्ये १-१ जीबीच्या स्टिक, म्हणजे एकूण २ जीबी. वर डेबियन १२ ही लिनक्स प्रणाली, त्यात जीसीसी १२ हा कम्पायलर. लिहिणं, वाचणं, छोटे प्रोग्रॅम बांधणं यासाठी हे यंत्र वर्षानुवर्षं बिनतक्रार चाललेलं.

एलएलव्हीएम बांधायला घेतलं तेव्हा मात्र पहिल्याच दिवशी जीसीसी थांबला. संदेश होता: घातक चूक, ‘किल्ड’ सिग्नलने सीसी१प्लस हा प्रोग्रॅम संपवला. सीसी१प्लस म्हणजे सी++ भाषांतराचं खरं काम करणारा जीसीसीचा आतला भाग. हा संदेश बघून बरेच जण ‘कम्पायलर क्रॅश झाला’ म्हणतात, पण तसं झालेलं नसतं. हा सिग्नल क्रमांक ९. तो बाहेरून दिला जातो. डीमेसेज, म्हणजे कर्नलच्या (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या) नोंदी, पाहिलं तर तिथे स्पष्ट लिहिलं होतं: मेमरी संपली, म्हणून अमुक क्रमांकाची सीसी१प्लस प्रक्रिया मारली. सी++ टेम्प्लेटांनी भरलेली एक फाइल सहज अर्धा-पाऊण जीबी मागते. मी एका वेळी चार फाइली चालवत होतो आणि जागा होती २ जीबी. हिशेब तिथेच संपतो.

उपायही सरळ होता. एका वेळी एकच फाइल, मेमरी कमी पडली की डिस्कवर वापरायला ४ जीबीची स्वॅप फाइल, आणि लिंकिंगच्या (कम्पायल झालेले तुकडे जोडण्याच्या) वेळी एकच लिंक चालेल अशी, बिल्डची आखणी करणाऱ्या सी-मेकमधली सोय. बिल्ड पूर्ण झालं. वेळ इतका लागला की पुन्हा तसं करायची इच्छा राहिली नाही. म्हणून एका मोडीत निघालेल्या संगणकातून २-२ जीबीच्या दोन डीडीआर२-८०० स्टिक काढल्या आणि रिकाम्या स्लॉटमध्ये बसवल्या. एकूण ६ जीबी. बायोसने चारही ओळखल्या, वेग ८०० दाखवला, डेबियन सुरू झालं. ब्राउझर पूर्वीपेक्षा कितीतरी हलका चालायला लागला.

दुसरा आजार इथून सुरू झाला. पण या दोन गोष्टींची सांगड मी पाच दिवस घातली नाही. रॅम वाढवल्यावर संगणक इतका चांगला चालत होता की संशय घ्यायला जागाच दिसत नव्हती.

कोसळण्याचे तीन प्रकार

पुढचं सांगण्याआधी एक गोष्ट मांडून ठेवतो, कारण अर्धं निदान तिच्यात आहे. कम्पायलर ‘पडला’ म्हणताना तो कोणत्या सिग्नलने पडला ते आधी वाचावं. ९ म्हणजे कोणीतरी बाहेरून मारला. जवळजवळ नेहमी मेमरी संपलेली असते. ४ म्हणजे प्रोसेसरला न कळणारी सूचना समोर आली. जुन्या प्रोसेसरवर नवीन प्रोसेसरसाठी बांधलेला प्रोग्रॅम आणून चालवला की हे होतं. ११ म्हणजे प्रोग्रॅमने आपल्या हद्दीबाहेरचा मेमरीचा पत्ता मागितला, यालाच सेगमेंटेशन फॉल्ट म्हणतात. या तिसऱ्याची कारणं सगळ्यात जास्त आणि सगळ्यात फसवी.

माझ्यापुढे आता ११ होता. ‘इंटर्नल कम्पायलर एरर: सेगमेंटेशन फॉल्ट’.

जीसीसीच्या मॅन्युअलची भूमिका अशी आहे की इनपुट काहीही असो, कम्पायलर घातक सिग्नलने पडला तर तो कम्पायलरचा दोष. ती भूमिका रास्त आहे आणि मीही तिथूनच सुरुवात केली. बग नोंदवायचा तर तो पुन्हा घडवून दाखवता यायला हवा. म्हणून जी फाइल पडली तिची प्रीप्रोसेस केलेली (तिला लागणारा बाकीच्या फाइलींतला मजकूर आत घेतलेली) प्रत काढली आणि तेवढीच कम्पायल केली. पडली नाही. वीस वेळा केली, वीसही वेळा नीट झाली.

एवढ्यात जीसीसीनेच पुढची ओळ लिहिलेली होती, आणि मी ती घाईत ओलांडून गेलो होतो. आतला भाग कोसळला की डेबियनमधला जीसीसी तेच काम स्वतःहून पुन्हा करून पाहतो. दर वेळी तसंच पडलं तर बग नोंदवण्यासाठी फाइल तयार करतो. तसं झालं नाही तर सांगतो की हा बग पुन्हा घडत नाही, तेव्हा दोष हार्डवेअरचा किंवा ऑपरेटिंग सिस्टिमचा असण्याची शक्यता आहे. माझ्या स्क्रीनवर ही ओळ पहिल्या दिवसापासून होती. लाल रंगातली ‘एरर’ दिसली की नजर तिथेच अडकते आणि खालची साध्या रंगातली ओळ वाचायची राहून जाते. सगळ्यात उपयोगाची ओळ तीच होती.

ज्या वाटा चुकीच्या निघाल्या

पहिली वाट कम्पायलरच्या आवृत्तीची. जीसीसी १२ काढून ११ लावला. तोही पडला, दुसऱ्या फाइलवर. मग क्लँग १४ हा वेगळाच कम्पायलर लावला. तोही पडला, तिसऱ्या फाइलवर. जीसीसी आणि क्लँग या दोन वेगळ्या लोकांनी वेगळ्या पद्धतीने लिहिलेल्या गोष्टी आहेत. दोघांत एकच बग असणं जवळपास अशक्य. इथेच थांबून खाली उतरायला हवं होतं, कम्पायलरच्या खाली जे काही आहे तिथे.

पण मधे एक निरीक्षण असं मिळालं की त्याने आणखी दीड दिवस खाल्ला. ऑप्टिमायझेशन (तयार होणारा प्रोग्रॅम वेगवान करण्याची पायरी) बंद केलं की कोसळणं खूपच कमी व्हायचं. यावरून मी समजलो की दोष ऑप्टिमायझरमध्ये आहे. खरं कारण साधं होतं. ऑप्टिमायझेशन बंद असताना कम्पायलर कमी मेमरी वापरतो आणि लवकर मोकळा होतो. खराब ठिकाणी पाय पडण्याची संधीच कमी. ‘अमुक पर्याय बंद केला की बरं वाटतं’ ही खूण जुन्या यंत्रावर फार जपून वापरावी. भार कमी केला की बहुतेक आजार दबतात.

स्टॅक, म्हणजे फंक्शनांच्या तात्पुरत्या माहितीची मेमरीतली जागा, अपुरा पडतोय का तेही पाहिलं. खोल रिकर्शनमुळे (फंक्शन स्वतःलाच पुन्हा पुन्हा बोलावत गेल्यामुळे) ८ एमबीची नेहमीची मर्यादा संपली तरी सिग्नल ११ येतो. पण मग तो त्याच फाइलवर, त्याच जागी, दर वेळी यायला हवा. डीमेसेजमध्ये प्रत्येक सेगमेंटेशन फॉल्टची ओळ असते, त्यात प्रोग्रॅम नेमका कुठल्या सूचनेवर होता तो पत्ता असतो. माझ्याकडे नऊ ओळी जमल्या होत्या आणि नऊ वेगळे पत्ते होते. स्टॅक बाद.

मग उष्णता. हीटसिंकमधली धूळ काढली. प्रोसेसरवरची पेस्ट वाळून खपली झाली होती, ती पुसून नवीन लावली. भाराखालचं तापमान ७१ अंशांवरून ५८ वर आलं. हे करायलाच हवं होतं आणि केल्याचा आनंद आहे, पण कोसळणं थांबलं नाही. शिवाय थंड यंत्र सुरू करून दहा मिनिटांतही कम्पायलर पडत होता, त्यामुळे उष्णता मुख्य आरोपी नव्हती. पॉवर सप्लायची १२ व्होल्टची तार भाराखाली मल्टीमीटरने मोजली: ११.९. चालणारी मर्यादा ५ टक्के, म्हणजे ११.४ ते १२.६. बोर्डावरच्या कपॅसिटरची डोकी सपाट होती, एकही फुगलेला किंवा गळालेला नाही. त्या काळातल्या बोर्डावर हे बघून घ्यायलाच हवं. हार्ड डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी ‘स्मार्ट’ नोंद ठेवते तिच्यात बदललेले सेक्टर शून्य.

रॅमवर संशय आला नव्हता असंही नाही. चौथ्या दिवशी मेमटेस्ट८६+ हे रॅम तपासण्याचं साधन लावलं होतं. एकेक स्टिक एकट्याने, पहिल्या स्लॉटमध्ये बसवून, प्रत्येकीचे दोन-दोन पूर्ण फेरे. चारही स्टिक निर्दोष निघाल्या. मी वहीत ‘रॅम ठीक’ असं लिहिलं आणि पुढे गेलो. त्या दोन शब्दांनी मला सगळ्यात जास्त भरकटवलं. चाचणीने सांगितलं होतं ते एवढंच, की प्रत्येक स्टिक एकटी असताना ठीक आहे. मी त्याचा अर्थ फार मोठा लावला.

ई आणि यू

आता सहाव्या दिवसाकडे. ई चा यू का झाला? अक्षरं संगणकात आकडे म्हणून राहतात. छोट्या ई चा आकडा १०१, छोट्या यू चा ११७. दोन्ही बायनरीत एकाखाली एक लिहून बघा:

१ १ ० ० १ ० १
१ १ १ ० १ ० १

फरक एकाच घराचा, उजवीकडून पाचव्या. किंमत १६. तिथे शून्य होतं, त्याचं एक झालं. सोर्स फाइल डिस्कवर बरोबर होती. कम्पायलरने ती वाचून मेमरीत स्वतःची प्रत ठेवली, आणि त्या प्रतीतला एक बिट बदलला. म्हणून एडिटरमध्ये ओळ ठीक दिसत होती आणि कम्पायलरला ती चुकलेली दिसत होती.

एवढं समजल्यावर सेगमेंटेशन फॉल्टचाही उलगडा होतो. कम्पायलर आपल्या मेमरीत मुख्यतः पत्ते ठेवतो: या वाक्याची माहिती तिथे, त्यातल्या चलाचा प्रकार अमुक ठिकाणी, त्याची व्याख्या आणखी कुठेतरी. लाखो गाठींचं जाळं, आणि प्रत्येक गाठीत पुढच्या गाठीचा पत्ता. व्हिडिओमधला एक बिट बदलला तर एका फ्रेममध्ये एका ठिपक्याचा रंग किंचित हलतो, कोणालाही कळत नाही. पत्त्यातला एक बिट बदलला की कम्पायलर भलत्याच दारात उभा राहतो आणि कर्नल त्याला तिथेच थांबवतो. म्हणून बाकी सगळं सुरळीत चालणाऱ्या यंत्रावर कम्पायलर तेवढा पडतो. १९९० च्या दशकात घरच्या संगणकांवर लिनक्स कर्नल कम्पायल करणाऱ्यांना सिग्नल ११ आला की रॅम तपासायला सांगत, ते याच अनुभवावरून.

पण एका अक्षरावरून निकाल देता येत नाही. मला आकडे हवे होते.

७०० एमबीची एक फाइल घेतली. तिचा शा२५६ बेरीजआकडा (पूर्ण मजकुरावरून निघणारा आकडा, एक बिट बदलला तरी तो बदलतो) दहा वेळा काढला, आणि दर वेळी मधे पेज कॅश रिकामी केली. ही पायरी गाळू नका. कर्नल एकदा वाचलेली फाइल मेमरीत धरून ठेवतो. कॅश रिकामी केली नाही तर दहाही वेळा तीच मेमरीतली प्रत मोजली जाते आणि उत्तर दहाही वेळा सारखंच येतं, मग ते चूक का असेना. दहापैकी सात आकडे जुळले, तीन जुळले नाहीत.

मग फाइलची एक प्रत केली, कॅश रिकामी केली आणि दोन्ही फाइली सीएमपी -एल ने ताडून पाहिल्या. हा प्रोग्रॅम प्रत्येक वेगळ्या बाइटचा क्रमांक देतो आणि पुढे दोन्ही बाजूंच्या किमती ऑक्टलमध्ये, म्हणजे आठच्या पायावरच्या आकड्यांत, छापतो. तीन ओळी आल्या:

४८२१३४५७ १४५ १६५
११०५९२८०९ ४० ६०
३०१७६५४७३ १०३ १२३

या तीन ओळींकडे मी बराच वेळ बघत बसलो होतो. उजवीकडच्या जोड्यांत प्रत्येक वेळी फरक ऑक्टल २०, म्हणजे तोच १६. पहिली जोडी तर तीच, ई आणि यू. आणि डावीकडचे क्रमांक बघा. सीएमपी मोजणी १ पासून करतो, म्हणून प्रत्येकातून १ वजा करा: ४८२१३४५६, ११०५९२८०८, ३०१७६५४७२. तिन्हींना ८ ने पूर्ण भाग जातो.

रॅमची स्टिक एका खेपेला ६४ बिट, म्हणजे ८ बाइट देते. प्रत्येक बिटाची स्वतःची तार असते. फाइल मेमरीत ४०९६ बाइटांच्या पानांत बसते, त्यामुळे फाइलमधला ८ च्या पटीतला बाइट मेमरीतही ८ च्या पटीतच राहतो. तिन्ही चुका आठांपैकी पहिल्याच बाइटात, आणि त्या बाइटाच्या पाचव्याच बिटात. म्हणजे ६४ तारांपैकी एकाच तारेवर. डिस्क किंवा तिची केबल दोषी असती तर चुका अशा एका रांगेत उभ्या राहिल्या नसत्या. सॉफ्टवेअरचा बग असता तर त्याला या तारेचं काय पडलंय?

चौघी एकत्र

त्या रात्री चारही स्टिक जागेवर ठेवून मेमटेस्ट लावलं. पहिला फेरा स्वच्छ गेला. दुसऱ्या फेऱ्यात, ब्लॉक मूव्ह या चाचणीत, लाल ओळी यायला लागल्या. ही चाचणी मेमरीचे मोठे तुकडे सलग एका जागेवरून दुसरीकडे हलवते, त्यामुळे तारांवर ताण चांगलाच येतो. चुकलेले बिट दाखवणाऱ्या रकान्यात प्रत्येक ओळीवर एकच मजकूर: ००००००१०. हा आकडा हेक्साडेसिमल, म्हणजे सोळाच्या पायावरचा, आहे. हेक्समधले १० म्हणजे १६.

सकाळी जोड्या करून पाहिल्या. १ जीबीच्या दोघी मिळून: स्वच्छ. २ जीबीच्या दोघी मिळून: स्वच्छ. चारही मिळून: चुका. स्लॉट अदलाबदल करून चारही: चुका. एकही स्टिक खराब नव्हती आणि एकही स्लॉट खराब नव्हता.

कारण असं. या चिपसेटमध्ये मेमरीचे दोन चॅनेल आहेत आणि प्रत्येक चॅनेलच्या तारा दोन स्लॉटना सामाईक आहेत. दोन्ही स्लॉट भरले की त्याच तारांवर दुप्पट चिप लटकतात आणि सिग्नलला चढायला-उतरायला जास्त वेळ लागतो. डीडीआर२-८०० मध्ये एका बिटाला मिळणारा वेळ १.२५ नॅनोसेकंद. दोन वेगळ्या घडणीच्या जोड्या, जुना बोर्ड, जुने संपर्क, आणि एखादी तार इतरांपेक्षा थोडी कमजोर. तिच्यावरचा सिग्नल कधीकधी वेळेत ठरत नाही. साध्या डेस्कटॉप रॅममध्ये ही चूक पकडायची सोय नसते. ईसीसी रॅममध्ये ६४ बिटांसाठी ७२ बिट ठेवतात आणि एका बिटाची चूक जागच्या जागी सुधारतात. इथे ६४ म्हणजे ६४.

काय करून पाहिलं, काय ठेवलं

बायोसमध्ये रॅमचा वेग ८०० वरून ६६७ वर आणला. आता एका बिटाला १.५ नॅनोसेकंद. मेमटेस्ट नऊ तास चाललं, एकही चूक नाही. बरेच जण इथे थांबतात. एकदा ‘रॅम ठीक’ लिहून फसलेलो असल्याने मी आणखी एक चाचणी बांधली, आणि पूर्ण प्रकरणात मला सगळ्यात विश्वासाची वाटलेली चाचणी तीच.

लिनक्स कर्नल, या यंत्राला लागतील तेवढेच भाग निवडून, पुन्हा पुन्हा बांधायचा आणि दर वेळी तयार झालेल्या व्हीएमलिनक्स फाइलचा शा२५६ आकडा ताडायचा. कम्पायलर पडला नाही एवढ्यावर समाधान मानायचं नाही. निघालेला माल बाइट न् बाइट सारखा हवा. त्यासाठी बिल्डची तारीख, बिल्ड क्रमांक, वापरकर्त्याचं नाव आणि यंत्राचं नाव कर्नलच्या केबिल्ड या बिल्ड-व्यवस्थेच्या चलांतून पक्कं करावं लागतं. मॉड्यूलवर (कर्नलला नंतर जोडायच्या भागांवर) सही करण्याचा पर्याय बंद ठेवावा लागतो, नाहीतर दर नव्या बिल्डला नवी किल्ली तयार होते आणि आकडा कधीच जुळत नाही. फोल्डर तोच ठेवायचा आणि सीकॅश, म्हणजे आधीच्या कम्पायलचे निकाल परत वापरणारा प्रोग्रॅम, बंद.

६६७ वर चारही स्टिकसह सहा बिल्ड जुळली. सातवं विनातक्रार पूर्ण झालं, आणि त्याचा आकडा वेगळा आला.

ते सातवं बिल्ड मला अजून अस्वस्थ करतं. कम्पायलर पडला नव्हता, एकही इशारा नव्हता. आकडा ताडला नसता तर तो कर्नल मी निश्चिंतपणे वापरला असता. कोसळणारा कम्पायलर निदान ओरडून सांगत होता.

काही जण अशा वेळी रॅमचं व्होल्टेज वाढवतात. डीडीआर२ चं ठरलेलं व्होल्टेज १.८, त्यावर ०.१ ची सूट. मी ते केलं नाही. इतक्या जुन्या बोर्डावर, सतत, भाराखाली जास्त व्होल्टेज देऊन मिळवलेली स्थिरता किती दिवस टिकेल याची मला खात्री वाटली नाही. मी १ जीबीच्या दोन्ही स्टिक काढून ठेवल्या. उरले ४ जीबी, वेग पुन्हा ८००. मेमटेस्ट बारा तास स्वच्छ. कर्नल सलग वीस वेळा बांधला, साधारण पाऊण तास एकेक, आणि वीसही आकडे जुळले. २ जीबीची भरपाई झेडरॅमने (मेमरीतला मजकूर दाबून ठेवण्याच्या सोयीने) आणि एका वेळी दोनच फाइली चालवून केली. एलएलव्हीएमचं लिंकिंग एका वेळी एकच, पहिल्या दिवशीसारखं.

काढलेल्या दोन स्टिक ‘खराब’ म्हणून फेकायच्या नाहीत. त्यांना ‘जोडीने चालतात’ असं लिहून पाकिटात ठेवलं आहे.

मागे राहिलेलं

सहा जीबीच्या त्या दिवसांत या यंत्रावर जे काही लिहिलं गेलं, त्या प्रत्येक गोष्टीवर प्रश्नचिन्ह होतं. बिल्डचे फोल्डर सरसकट पुसले. गिटच्या (सोर्सच्या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या साधनाच्या) रेपोंवर एफएससीके ही तपासणी चालवली. त्यात साठवलेले सगळे ऑब्जेक्ट जुळले. मात्र गिटने आकडा काढण्याआधीच मजकूर बदलला असेल तर गिटला ते कळणार नाही, म्हणून त्या दिवसांतल्या कमिटमधला प्रत्येक बदल डोळ्यांनी वाचून काढला. त्या काळात घेतलेला बॅकअप बाजूला ठेवून आधीच्या बॅकअपशी फाइलवार ताडला. हे काम कंटाळवाणं आहे. रॅमचा दोष सापडला की सुटल्यासारखं वाटतं आणि नेमकं हेच राहून जातं.

माझंही एक राहिलं. नवीन, स्वच्छ, दोन स्टिकवर एलएलव्हीएम पुन्हा बांधलं. कम्पायलर एकदाही पडला नाही. पण तयार झालेलं ऑप्ट हे साधन सुरू करताच ‘इल्लीगल इन्स्ट्रक्शन’ म्हणून बंद पडायचं. सिग्नल ४. दर वेळी, त्याच फंक्शनमध्ये, त्याच जागी.

या प्रोसेसरमध्ये पॉपकाउंटसारख्या नंतर आलेल्या सूचना नाहीत, म्हणून आधी वाटलं की कुठूनतरी नवीन प्रोसेसरचा पर्याय शिरला. तो नव्हता, बिल्ड मूळ ६४ बिट संचासाठीच होतं. मग ‘दर वेळी त्याच जागी’ या शब्दांवर थांबलो. सबंध प्रकरणात पहिल्यांदाच चूक एका जागी बसून होती. रॅमची चूक अशी बसत नाही. ती कुठेतरी लिहिली गेली होती.

सीकॅश. वेगासाठी आधीच्या कम्पायलचे निकाल साठवून ठेवणारा तो प्रोग्रॅम. कर्नलच्या चाचणीत मी तो बंद केला होता, इथे चालू होता. बिल्डचा फोल्डर पुसला तरी सीकॅशचा साठा वेगळ्या जागी असतो. त्या आजारी दिवसांत तयार झालेली ऑब्जेक्ट फाइल (एका सोर्स फाइलचं कम्पायल झालेलं रूप) त्याने विश्वासाने जपून ठेवली होती आणि मागितल्यावर तशीच परत दिली. साठवताना तो स्वतःचा आकडा काढून ठेवतो, पण फाइल त्याच्या हाती आली तेव्हाच बिघडलेली होती.

पुसण्याआधी ती ऑब्जेक्ट फाइल बाजूला काढली. सीकॅशचा साठा पूर्ण रिकामा केला, तीच सोर्स फाइल नव्याने कम्पायल केली आणि दोन्ही ऑब्जेक्ट सीएमपीने ताडले. एकच ओळ आली. नव्या फाइलमध्ये ऑक्टल १७, जुन्यात ३७. दशमान पद्धतीत १५ आणि ३१. यातला १५ हा बाइट या प्रोसेसरच्या दोन बाइटांच्या सूचनांची सुरुवात करतो, कोडमध्ये पावलोपावली सापडतो. ३१ हा जुन्या ३२ बिट काळातली एक सूचना होता आणि ६४ बिट मोडमध्ये तो अवैध आहे. जीडीबी या चुका शोधण्याच्या साधनाने त्या जागेपुढे ‘बॅड’ एवढंच छापलं होतं. फरक पुन्हा १६.

नवी ऑब्जेक्ट फाइल घेऊन लिंक केलं. ऑप्ट सुरू झालं. नंतर सगळे साठे रिकामे करून एलएलव्हीएम शून्यापासून दोनदा बांधलं आणि दोन्ही बिल्डच्या सगळ्या ऑब्जेक्ट फाइलींचे आकडे शेजारी शेजारी लावून पाहिले. सगळे जुळले.